सूत

इरण्णा म्हेत्रेने ताडपत्री ओढली
तेव्हा आधी एक मांजर बाहेर आलं,
मग धूळ,
मग ती.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी.
"मिलिंग आहे, भंगार नाही," इरण्णा म्हणाला,
भाव मात्र किलोवर सांगितला.

बॅटरी मारून बघितलं.
टी-स्लॉटमध्ये कीस दगड होऊन बसलेला,
त्यात एका कपाचा कान.
टेबलावर ड्रिलचे खड्डे सात.
सात वेळा कुणाचं तरी लक्ष उडालं होतं.
एक इतका खोल
की त्या दिवशी घरून निरोप आला असणार.

हँडल फिरवलं.
अर्धा फेरा गेला, टेबल जागचं हललं नाही.
मग हललं.
"प्ले आहे," मी म्हणालो, भाव पाडायला.
"ह्या वयात नसणार होय?"
एवढंच बोलून इरण्णा तीन हजार खाली आला.

टेम्पोतून गल्लीपर्यंत, गल्लीतून पाईपांवर,
आणि दारात अडली.
चौकट काढावी लागली.
रेणुकानं तोरण उतरवून हातात धरलं,
एक शब्द बोलली नाही.
तो शब्द अजून येणं आहे.

मागाची जागा रिकामी होतीच.
फरशीत बोल्टांची चार भोकं, सिमेंटनं बुजवलेली,
आणि मागाचं थ्री-फेज मीटर,
जे मी बंद केलं नाही.
कशाला, रेणुका दर बिलाला विचारायची.
ह्याला, असं मला तेव्हा म्हणता आलं नसतं.

नायना कोपऱ्यातल्या बाजेवरून बघत होते.
छत्तीस वर्षं खडखडाटात टॉवेल विणले,
कान तिथंच राहिले.
चहा घेणार का विचारावं,
हातपाय धुऊन यावं,
शर्ट बदलावा,
तेव्हा बाजेवरून येतं: "घेतो."

नई जिंदगीहून दाऊदभाई नदाफ आले,
डायल रुमालात बांधून, लहान मूल आणावं तसा.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
पायांखाली एकेक चकती सारली.
बुडबुडा मध्ये आला, गेला, आला.
बाहेर त्रेचाळीस. "दुपारचं माप दुपारी खरं,"
म्हणाले, आणि थेट सहाला पुन्हा आले.
स्पिंडलला डायल लावून टेबलावर गोल फिरवला,
सुई डाव्या अंगाला थोडी दचकली.
डोकं सैल, हलकी थाप, घट्ट. पुन्हा.
अकरा थापा मी मोजल्या.

जाताना प्लेचं औषध सांगितलं:
"कायम एकाच बाजूनं यायचं.
मागं जायचं झालं तर जरा जास्तच मागं जा,
मग पुढं ये. घाई नको.
नट बदलशील तेव्हा बदल."

बटण दाबलं.
बरी चालली. मला तरी बरी वाटली.
नायना उठले, भिंत धरत आले,
तिच्या अंगावर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.
"खाली. एक बोल्ट."
मोटरच्या मागचा होता. पाऊण आटा सैल.
पान्हा मीच फिरवला होता, शपथेवर सांगितलं असतं घट्ट आहे.

पहिला तुकडा कापला, शेजारच्या बोड्डूलच्या मागाचा ब्रॅकेट.
कीस निळा होऊन रेणुकाच्या रांगोळीत पडला
(तो शब्द आता दोन झाले).
नायनांनी विचारलं, किती हुकलं?
मी वाकून कानात ओरडलो,
"सूतभरही नाही!"

थांबलो.
मशीन बंद होऊन पट्टा हळू हळू थांबत होता.
अर्धा फेरा.

"कितीचं?" नायना म्हणाले.
"काय कितीचं?"
"सूत."

आता काय सांगणार.
"वीस नंबर," मी म्हणालो.
त्यांनी ब्रॅकेट उलटा करून अंगठ्यानं धार चाचपली.
"टॉवेलला चालतंय," म्हणाले,
आणि बाजेवर जाऊन पडले.